वर्गाला न बसता उत्तीर्ण
संगणकीय तपासाच्या प्राथमिक वर्गातून सूट देणाऱ्या परीक्षांविषयी

दहावी-बारावीच्या परीक्षेला बहिःस्थ म्हणून बसण्यासाठी भरावा लागणारा 'सतरा नंबरचा फॉर्म' महाराष्ट्रातील कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. बीड जिल्ह्यातील शिक्षकाला तर तो अधिकच परिचयाचा. दसरा उलटला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची मुले हजेरीपटावरून अर्धे वर्ष दिसेनाशी होतात आणि त्यांतील काही पुढे याच फॉर्मच्या आधाराने परीक्षेपर्यंत पोहोचतात. त्यामागचे तत्त्व सरळ आहे. ज्ञान कोठे मिळवले हे विचारू नये, ते मिळाले आहे की नाही एवढेच तपासावे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बहिःस्थ पदव्यांची सोय केली ती याच विचाराने. अमेरिकेत १९६७ पासून 'क्लेप' परीक्षा देऊन महाविद्यालयातील प्राथमिक विषयांच्या वर्गातून सूट मिळू लागली, तीही याच विचाराने. आपल्याकडे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाचे दार उघडले, त्याची जातकुळीही तीच.

हेच तत्त्व आता एका अगदी वेगळ्या क्षेत्रात लागू होत आहे. मोबाइल, संगणक, पेनड्राइव्ह यांतून न्यायालयात टिकेल असा पुरावा काढण्याच्या शास्त्राला डिजिटल फॉरेन्सिक किंवा संगणकीय न्यायसहायक विज्ञान म्हणतात. या कामासाठी खास आज्ञावली असतात आणि त्या शिकवणारे प्राथमिक वर्ग असतात. ज्याला ते आधीच येते त्याने पुन्हा वर्गात बसावे का? बऱ्याच संस्था 'नाही' असे उत्तर देतात. 'एनकेस' या प्रसिद्ध आज्ञावलीच्या प्रमाणित परीक्षकासाठी ६४ तासांचे मान्य प्रशिक्षण किंवा १२ महिन्यांचा अनुभव अशी अट ठरलेली आहे. 'सीएचएफआय' या परीक्षेसाठी अधिकृत प्रशिक्षण घ्यावे, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव दाखवून आणि अर्जशुल्क भरून थेट परीक्षेला बसावे अशी सोय आहे. प्राथमिक पातळीवर तर अनेक ठिकाणी पन्नास-साठ बहुपर्यायी प्रश्न सोडवले की काम होते आणि उमेदवार थेट पुढच्या वर्गात जातो.

सूट देण्याला आमचा आक्षेप नाही. ज्या परीक्षेच्या जोरावर ती दिली जाते, त्या परीक्षेची बनावट मात्र आम्हाला पटत नाही.

विषय दूरचा वाटेल, पण तो दूरचा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करावयाचे आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकीय नोंद सादर करताना दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. गंमत अशी, की 'तज्ज्ञ' म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कलमात नाही. बीड जिल्ह्याचे अकरा तालुके घेतले, तरी अशी माणसे किती लागतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्या प्रकरणाच्या दोषारोपपत्रात मोबाइलवरील चित्रफिती आणि छायाचित्रे आहेत. खटल्याविषयी आम्हाला येथे काहीही म्हणायचे नाही. तालुक्याच्या गावातील गुन्ह्याचा पुरावासुद्धा आता मोबाइलमध्ये असतो, एवढेच लक्षात घ्यायचे आहे.

शेजारच्या जालन्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुनराव खोतकर निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता, पण त्यासोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून वारंवार मागूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल २०१७ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० रोजी. मूळ उपकरण न्यायालयासमोर आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे त्या निकालाने पक्के केले. देशभर उद्धृत होणारा हा निर्णय मराठवाड्यातील एका कार्यालयाच्या चित्रीकरणातून आणि घड्याळाच्या काट्यातून निघाला आहे. तीनच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच मूळ वाद. वेळेच्या या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता प्राथमिक वर्गात काय शिकवतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे मूळ वस्तूला धक्का न लावणे. संशयिताची हार्ड डिस्क साध्या संगणकाला जोडली, तरी संगणक तिच्यावर काहीबाही लिहितो. म्हणून मध्ये 'राइट ब्लॉकर' नावाचे उपकरण ठेवतात. त्यातून वाचता येते, लिहिता येत नाही. मग डिस्कची पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत हुबेहूब प्रत काढतात आणि तपास त्या प्रतीवर करतात. प्रत हुबेहूब आहे हे 'हॅश' मूल्याने सिद्ध होते. हॅश म्हणजे ठरलेल्या गणिती रीतीने संपूर्ण माहितीतून काढलेला एक छोटा अंक. 'शा-२५६' रीतीने तो षोडशमान पद्धतीत ६४ अंकी येतो. हजार पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी हा अंक ओळखू येऊ नये इतका बदलतो. हॅशला कागदपत्रावरचा अंगठा म्हणण्याची पद्धत आहे. उपमा बरी आहे, पण अंगठा माणसाचा असतो आणि हॅश मजकुराचा, हे मुलांना सांगायला विसरू नये. मजकूर कोणी लिहिला याबद्दल हॅश काहीही सांगत नाही.

दुसरा भाग पुसलेल्या गोष्टींचा. 'फॅट' पद्धतीच्या पेनड्राइव्हवरून फाइल काढून टाकली, तर यादीतील तिच्या नोंदीचे पहिले अक्षर बदलून तेथे ई५ हा संकेत येतो आणि तिची जागा मोकळी समजली जाते. आतला मजकूर मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो. ग्रंथालयाच्या तालिकेतून कार्ड काढले तरी पुस्तक फडताळात असते, तसेच हे. जेपीईजी चित्राची सुरुवात एफएफ-डी८ आणि शेवट एफएफ-डी९ या संकेतांनी होतो, त्यामुळे यादीत नाव नसतानाही आज्ञावली असे चित्र मोकळ्या जागेतून उचलू शकते. नव्या एसएसडी डिस्कमध्ये आणि सांकेतिक कुलूप असलेल्या मोबाइलमध्ये मात्र हे बहुधा साधत नाही, कारण एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करते. दहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवर तयारी करणारा उमेदवार नेमका येथे चुकतो.

तिसरा भाग आज्ञावलीच्या वापराचा, म्हणजे कोणती खिडकी कोठे उघडते, शोध कसा लावायचा, अहवाल कसा छापायचा. सूट देणाऱ्या परीक्षांतील बहुसंख्य प्रश्न या तिसऱ्या भागावर असतात. कारण उघड आहे. असे प्रश्न काढायला सोपे आणि यंत्राने तपासायला त्याहून सोपे.

येथे थोडे गणित करू, कारण ते वर्गातही करता येईल. समजा परीक्षेत चार पर्यायांचे ५० प्रश्न आहेत, ३० बरोबर आले की उत्तीर्ण आणि चुकीला दंड नाही. एका उमेदवाराला २० प्रश्न खरोखर येतात. उरलेले ३० तो डोळे मिटून सोडवतो. त्याला ३० पैकी किमान १० बरोबर यायला हवेत आणि प्रत्येकाची शक्यता एक चतुर्थांश. द्विपद वितरणाने हिशेब केला तर अशी शक्यता सुमारे २० टक्के येते. म्हणजे विषयाचा ४० टक्के भागच येणाऱ्या पाच जणांपैकी एक जण सूट घेऊन पुढे जाईल. परीक्षा तीनदा देता येत असेल, तर त्याची एकदा तरी पार होण्याची शक्यता ४८ टक्क्यांवर जाते. बरोबर अर्धे, म्हणजे २५ प्रश्न येणाऱ्याला उरलेल्या २५ पैकी पाचच नशिबाने मिळवायचे असतात आणि तो पहिल्याच फेरीत सुमारे ७९ टक्के वेळा पार होतो. ज्याच्या सहीवर एखाद्याचा तुरुंगवास अवलंबून राहील, त्याला निवडण्याची ही रीत आहे.

उत्तीर्णतेची रेषा ८० टक्क्यांवर नेली तर हा दोष बराच कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. काही चांगल्या परीक्षा तसे करतातही. पण रेषा कितीही वर नेली तरी दुसरा दोष राहतोच. बहुपर्यायी प्रश्नाला एक उत्तर नक्की असते. तपासनिसासमोरच्या प्रश्नाला पुष्कळदा नसते. 'एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही' हे त्याच्या कामातील सर्वांत महत्त्वाचे उत्तर. चार पर्यायांच्या परीक्षेत ते क्वचितच बरोबर असते, म्हणून उमेदवार ते टाळायला शिकतो.

वेळेचे उदाहरण घेऊ. विंडोजची 'एनटीएफएस' पद्धत फाइलच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवते. 'फॅट' पद्धतीत त्या संगणकाच्या घड्याळाची स्थानिक वेळच जाते आणि ती कोणत्या देशातील हे कोठेही लिहिलेले नसते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आज्ञावलीत 'वेळ-क्षेत्र' नीट निवडले नाही, तर २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी बनलेली फाइल १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांची दिसते. दिवसच बदलला. त्या संध्याकाळी माणूस परळीत असेल आणि मध्यरात्री गेवराईत, तर अहवालातील एका ओळीने तो गुन्ह्याच्या जागी जाऊन बसतो किंवा तेथून सुटतो. शिवाय मूळ संगणकाचे घड्याळच चुकीचे असेल, तर सगळे गणित बरोबर करूनही उत्तर चुकते. म्हणून जप्तीच्या वेळी उपकरणाचे घड्याळ आणि खरी वेळ यांतील फरक टिपून ठेवावा लागतो. 'वेळ-क्षेत्र कोणत्या खिडकीतून बदलता येते?' असा प्रश्न परीक्षांत असतो. या दोन वेळा परस्परविरोधी का दिसतात आणि तुम्ही काय निष्कर्ष काढाल, असा प्रश्न नसतो. जालन्याचा वाद तीनच्या ठोक्याचा होता हे आठवले, म्हणजे या दोन प्रश्नांतील अंतर कळेल.

दुसरे उदाहरण खास आपले आहे आणि ते परदेशी प्रश्नसंचात सापडण्याची आशा नाही. तपासनीस डिस्कवर 'बीड' हा शब्द शोधतो आहे असे समजा. युनिकोडच्या यूटीएफ-८ रीतीने हा शब्द नऊ बाइटांत साठतो: ई० ए४ एसी, ई० ए५ ८०, ई० ए४ ए१. यूटीएफ-१६ रीतीने तोच शब्द सहा बाइटांत बसतो आणि त्या बाइटांचे या नवांशी काहीही साम्य नसते. त्यातही तो मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल, तर संगणकाच्या लेखी ती देवनागरीच नसते. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांना मराठी रूप देणारा तो केवळ मुखवटा असतो. सरकारी कचेऱ्या, छापखाने, पतसंस्था यांच्या जुन्या संगणकांत असा मजकूर भरपूर सापडेल. तेथे युनिकोड शब्दाने केलेला शोध शून्य उत्तर देतो आणि अहवालात 'आक्षेपार्ह मजकूर आढळला नाही' असे वाक्य छापले जाते. यूटीएफमध्येही वाट निर्धोक नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि एक निसटतो. व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकांना एरवी रुक्ष वाटणारा हा रफार-प्रकरणाचा भाग येथे थेट पुराव्याचा प्रश्न बनतो. महाराष्ट्रात काम करणाऱ्याची परीक्षा घेताना हा एक प्रश्न नसेल, तर तिला प्राथमिक परीक्षा म्हणणेही कठीण आहे.

आज्ञावलीवर डोळे झाकून विसंबल्याचा परिणाम काय होतो, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले आहे. २०११ च्या केसी अँथनी खटल्यात, घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला ८४ वेळा भेट दिली गेली, असे सरकार पक्षाने सांगितले. खरी संख्या एक होती. ८४ हा आकडा दुसऱ्याच संकेतस्थळाचा होता आणि आज्ञावलीने जुन्या पद्धतीची नोंदवही चुकीची वाचली होती. दुसऱ्या एका आज्ञावलीने तीच नोंद वाचून एकच भेट दाखवली होती. पुढे पहिल्या आज्ञावलीच्या निर्मात्यानेच चूक मान्य केली. डेन्मार्कमध्ये २०१९ साली दूरध्वनी कंपन्यांची माहिती रूपांतरित करणाऱ्या प्रणालीत दोष निघाला आणि सुमारे १०,७०० जुन्या खटल्यांचा फेरविचार करण्याची वेळ आली. ही कामे करणाऱ्या माणसांना त्या आज्ञावलीची बटणे नक्कीच ठाऊक असणार.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सूट बंद करा आणि सर्वांना वर्गात बसवा. आम्ही त्याच्याही विरुद्ध आहोत. वर्ग फार चांगले असतात असा अनुभव नाही. आज्ञावली विकणारी कंपनीच वर्ग चालवते, तीच परीक्षा घेते, तीच प्रमाणपत्र देते. अशा वर्गात त्या आज्ञावलीच्या उणिवा शिकवल्या जातील, ही अपेक्षा भाबडी आहे. आपल्याकडच्या साध्या संगणक-साक्षरतेचा इतिहासही पाहावा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीमध्ये १०० पैकी ५० गुण वर्गातील अंतर्गत कामाचे असतात, म्हणजे वर्गाला वळसा घालून जाता येत नाही. याउलट केंद्र सरकारच्या 'नायलिट'च्या सीसीसी परीक्षेला कोणत्याही संस्थेत न शिकता थेट बसता येते. पहिल्या पद्धतीत ज्याला सगळे येते त्यालाही शुल्क भरून तीन महिने जावे लागते. दुसरीत जेमतेम येणाराही वस्तुनिष्ठ प्रश्नांवर पार होऊ शकतो. वेतनवाढीच्या अटीमुळे राज्यातील शिक्षकांनी या गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. दोन्ही पद्धतींत एका प्रश्नाला बगल दिली जाते: या माणसाला प्रत्यक्ष काम करता येते का?

आणि अंतराचा प्रश्न आहेच. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटर. तेथे विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळा आहे आणि २००९ पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही आहे. पण कंपन्यांचे वर्ग बहुधा पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर भरतात आणि त्यांचे शुल्क जिल्ह्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याच मुलाला 'ऑटॉप्सी' ही संपूर्ण विनामूल्य आज्ञावली घरी मिळते. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने अभ्यासासाठी तयार केलेल्या डिस्कच्या प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतील एक २००४ सालच्या बेवारस सापडलेल्या लॅपटॉपची, 'मिस्टर ईव्हिल' असे टोपणनाव घेणाऱ्या काल्पनिक संशयिताची आहे. ती पुरी सोडवणाऱ्या मुलाला कोणत्याही प्राथमिक वर्गात बसवणे म्हणजे त्याचा वेळ आणि त्याच्या वडिलांचे पैसे वाया घालवणे आहे. सूट त्यालाच हवी. पण ती मिळाली म्हणजे त्याच्या अहवालावर विश्वास ठेवता यावा, हेही तितकेच हवे. वाईट परीक्षेमुळे नुकसान होते ते आरोपीचे, फिर्यादीचे आणि या मुलाचेही, कारण नशिबाने पार झालेल्याचे आणि त्याचे प्रमाणपत्र एकाच कागदावर छापलेले असते.

घरी शिकणाऱ्याची एक उणीव मात्र नेमकी ठाऊक असावी. त्याला तंत्र येते, नोंद येत नाही. मुद्देमाल कोणी, किती वाजता, कोणत्या पंचांसमोर ताब्यात घेतला. मोबाइल चालू होता की बंद. तो फॅराडे पिशवीत ठेवला की साध्या पाकिटात. सील कोणी लावले, कोणी तोडले. हॅश कोणत्या क्षणी काढला, हे सगळे पंचनाम्यात आणि पुढच्या प्रत्येक हस्तांतरात उतरावे लागते. संगणकासमोर एकट्याने बसून हे शिकता येत नाही, कारण तेथे विचारणारा कोणी नसतो. चांगल्या वर्गाची खरी देणगी हीच. आणि सूट देणाऱ्या परीक्षांत नेमका हाच भाग सर्वांत तोकडा असतो.

मग परीक्षा कशी असावी? उमेदवाराला एक लहान पेनड्राइव्ह द्यावा. त्यात काय आहे हे परीक्षकाला पूर्ण ठाऊक असावे, कारण ते त्यानेच पेरलेले असेल. उमेदवाराने सर्व नोंदी ठेवून प्रत काढावी, तपास करावा आणि अहवाल मराठीत, पोलीस निरीक्षकाला व वकिलाला कळेल असा लिहावा. नंतर अर्धा तास तोंडी परीक्षा. गुण तीन गोष्टींना: काय शोधले, नसलेले काय सापडल्याचे सांगितले, आणि जे सांगता येत नाही ते तसे सांगितले का. दुसऱ्या गोष्टीला मोठा ऋण गुण असावा. न सापडलेला पुरावा दुसरा कोणी शोधू शकतो. खोटा सापडलेला पुरावा मात्र अहवालातून दोषारोपपत्रात आणि तेथून निकालपत्रात जातो.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा. एका उमेदवारामागे परीक्षकाचा निम्मा दिवस जाईल, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत परीक्षक आणायचे कोठून? आक्षेप खरा आहे. पण पाच दिवसांच्या वर्गाचा खर्च वाचत असताना अर्ध्या दिवसाचा खर्च जड वाटावा, हे आम्हाला कळत नाही. पोलिसांसाठी केंद्राने काढलेल्या 'सायट्रेन' या दूरशिक्षणाच्या व्यवस्थेत पाठ आणि प्रमाणपत्र घरबसल्या मिळते. पाठांपुरते ते योग्यच आहे. प्रात्यक्षिकासाठी विभागीय प्रयोगशाळेत वर्षातून चार दिवस राखून ठेवता आले, तरी मराठवाड्याची सुरुवात होईल. वैद्यकाच्या विद्यार्थ्याची अंतिम परीक्षा रुग्णाशेजारी होते, हे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे बीडकरांना सांगायला नको. त्याबद्दल खर्चाची तक्रार कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप असा, की पेरलेले पेनड्राइव्ह लवकरच बाहेर फुटतील. 'मिस्टर ईव्हिल'ची उत्तरे जगभर पसरलेलीच आहेत, त्यामुळे सरावाला ती प्रत उत्तम, परीक्षेला निरुपयोगी. यावर उपाय म्हणजे दर खेपेला नवा पेनड्राइव्ह, आणि तो तयार करणे वाटते तितके अवघड नाही. शाळा-महाविद्यालयांतील संगणक शिक्षकांनी ते करून पाहावे असे आम्ही सुचवतो. जुना चार-आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. तो आधी पूर्णपणे शून्यांनी भरावा, म्हणजे कोणाची जुनी खासगी छायाचित्रे वर येणार नाहीत. ही काळजी विसरू नये. मग फॅट पद्धतीने सज्ज करून त्यावर दहा चित्रे ठेवावीत, तीन काढून टाकावीत, संगणकाचे घड्याळ मुद्दाम चाळीस मिनिटे पुढे करून आणखी दोन ठेवावीत. सारे काही वहीत लिहून ठेवावे. 'एफटीके इमेजर' या विनामूल्य साधनाने प्रत काढावी, हॅश फळ्यावर लिहावा आणि मुलांच्या दोन गटांना तीच प्रत देऊन एकमेकांशी न बोलता अहवाल लिहायला सांगावे. शेवटी त्याच पेनड्राइव्हवरच्या तीन फाइलींत 'बीड' हा शब्द तीन रीतींनी लिहिलेला असू द्यावा: एकदा यूटीएफ-८ मध्ये, एकदा यूटीएफ-१६ मध्ये आणि एकदा जुन्या फाँटमध्ये. कोणत्या गटाला किती सापडतात आणि 'एवढेच आहेत' असे किती जण ठामपणे लिहितात, ते पाहावे.